तीनच्या चहाला स्वाती

पत्र :

मी 37 वर्षांची. कल्याणला एका खासगी रुग्णालयात आयसीयूत स्टाफ नर्स आहे. महिन्यातला निम्मा काळ नाइट ड्यूटी. नवरा कामामुळे फिरतीवर, साडेआठ वर्षांचा मुलगा बराचसा सासूबाईंकडेच असतो. गेलं वर्षभर मला कशाचं काही वाटेनासं झालंय. पेशंट गेला तरी नाही आणि बरा होऊन पेढे घेऊन आला तरी नाही. सासूबाई म्हणतात, साडेसाती आहे. एक मैत्रीण मला आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला घेऊन गेली. निसर्गात मन हलकं होतं, म्हणाली. तिथे सगळे ‘वा! वा!’ करत होते आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता, या अब्जावधी ताऱ्यांपुढे माझ्या बेड नंबर चारच्या आजोबांची किंमत काय? परत येताना आधीपेक्षा रिकामं वाटलं. आकाश बघून आशा वाटते म्हणतात ती खरी असते, की नुसती मनाची समजूत? का माझ्यातच काही बिघडलंय?

– रात्रपाळीवाली, कल्याण

उत्तर :

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. रोज मरण हाताळणाऱ्या माणसांना असा बधिरपणा येतो, हे तुमच्या क्षेत्रात नवं नाही. वॉर्डातल्या जुन्या सिस्टरना विचारून बघा, एखादी तरी मान डोलावेल. पण तुमचा बधिरपणा वर्षभर टिकलाय आणि पेढ्यांनाही पुरून उरलाय, हे मला हलकं वाटत नाही. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, मुलावर उगाच हात उचलला जात असेल, किंवा हे सगळं संपावं असे विचार येत असतील, तर ताऱ्यांच्या आधी डॉक्टर. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही मिळते. पेशंटच्या नातेवाइकांना तुम्ही ज्या आवाजात ‘आधी दाखवून घ्या’ म्हणता, त्याच आवाजात मी हे म्हणतेय. आकाशाने कुणाचं नैराश्य बरं होतं असा माझा दावा नाही. पुढचं सगळं वाचताना एवढं मनात ठेवा.

साडेसातीचं लगेच उरकते. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. ती बारा राशींत वाटली की एका राशीला अडीच वर्षं येतात. मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशी धरल्या की झाली साडेसात. म्हणजे कधीही बघा, बारांपैकी तीन राशींना साडेसाती चालूच असते. ढोबळमानाने दर चार माणसांत एक. तुमच्या आयसीयूत बारा बेड असतील तर तिघांना, आणि राउंडला येणाऱ्या डॉक्टरांनाही आपापल्या पाळीने. सासूबाईंशी वाद मात्र घालू नका, त्या काळजीपोटी बोलतात. संधी मिळाली की त्यांना एकदा दुर्बिणीतून शनी दाखवा. ते कडं एकदा डोळ्यांनी पाहिलं की शनीला घाबरणं फार अवघड होऊन बसतं.

आता त्या रात्रीबद्दल. मला वाटतं, तुमच्यापुढे एकदम सगळं आकाश ठेवलं गेलं, तिथेच गडबड झाली. हिरव्या लेझरने एकामागून एक नावं दाखवली जातात, लाखो आणि कोटी प्रकाशवर्षांचे आकडे येतात, शेजारचा ‘आहाहा’ म्हणतो, आणि आपल्याला काहीच झालं नाही म्हणून आपण स्वतःलाच दोष देत घरी येतो. अब्ज हा आकडा कुणालाच जाणवत नाही हो. जाणवतो तो एक. तुम्हालाही त्या गर्दीत बेड नंबर चारचे आजोबा आठवले, रुग्णालयाची एकूण बेडसंख्या आठवली नाही. जिला काहीच वाटत नाही, तिला हे तरी कसं आठवलं?

त्यांची किंमत ताऱ्यांना नाही, हे तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. आकाश कुणाची काळजी करत नाही. रात्री दोन वाजता एका अनोळखी म्हाताऱ्याची पाठ पुसून त्याची कूस बदलायला कुणीतरी उठतं, असं ठिकाण या सगळ्या पसाऱ्यात आजवर आपल्याला एकच सापडलंय. सांत्वन मागायला वर बघाल तर पुन्हा रिकाम्या हाताने याल. ओळख करून घ्यायला बघा. आणि ओळख एका वेळी एकाशीच होते.

हे तुम्ही वाचाल तेव्हा जानेवारीची सुरुवात असेल. नाइटला रात्री तीनच्या सुमाराला चहा होत असेल ना? तो चहा घेऊन पाच मिनिटं गच्चीवर किंवा पूर्वेच्या खिडकीशी जा. पूर्वेला, म्हणजे मुरबाडच्या बाजूला, किंचित उत्तरेकडे झुकून एक ठळक नारिंगी तारा दिसेल. हात ताठ समोर धरला की आपली मूठ आकाशातले साधारण दहा अंश झाकते. हा तारा क्षितिजापासून पावणेदोन मुठी वर असेल. खात्री करायची असेल तर त्याच्या वर डाव्या हाताला सप्तर्षी शोधा. त्या बाजेच्या शेपटातले तीन तारे ज्या बाकाने वळलेत, तो बाक तसाच पुढे नेला की तुम्ही याच ताऱ्यावर येता. (बाज मी उगाच म्हटलं नाही. विदर्भातल्या गोंड वस्त्यांवर सप्तर्षींचा चौकोन ही म्हातारीची बाज आणि शेपटातले तिघं ती पळवायला टपलेले चोर. ऋषींपेक्षा मला ही गोष्ट जास्त आवडते.) कल्याणच्या दिव्यांत सप्तर्षी फिके पडतील, कदाचित अर्धेच दिसतील. पण तो नारिंगी तारा शहराला पुरून उरतो. ती स्वाती.

‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ म्हणतात, तीच ही. त्या म्हणीतला पाऊस ऑक्टोबरअखेर सूर्य या नक्षत्रात असतो तेव्हाचा. तेव्हा स्वाती सूर्याच्या उजेडात हरवलेली असते आणि लोकांच्या तोंडी फक्त नाव उरतं. आत्ता ती खरी दिसते.

आता तुमच्या पेशाला शोभेल असं काम सांगते. दर तासाला तुम्ही बीपी, नाडी, ऑक्सिजन असा चार्ट भरता. एका आकड्यावरून तुम्हाला काही कळत नाही, चार-सहा नोंदी झाल्या की पेशंट कुठे चाललाय ते कळतं. तसाच एक चार्ट स्वातीचा ठेवा. डायरीत तारीख, वेळ आणि किती मुठी वर, एवढंच. काय वाटलं ते लिहू नका. ‘वाटण्या’ची परीक्षा तुम्ही त्या कार्यक्रमात देऊन बसलात, आता पुन्हा नको.

तीन-चार नाइट झाल्या की कळेल, त्याच वेळेला स्वाती दर रात्री थोडी वर सरकलेली असते. सगळेच तारे रोज साधारण चार मिनिटं आधी उगवतात, कारण आपण सूर्याभोवती रोज थोडे पुढे गेलेलो असतो. महिन्याला ते दोन तास होतात. जानेवारीच्या सुरुवातीला स्वाती पावणेदोनच्या आसपास उगवतेय. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती बाराच्या आतच वर येईल. आणि एप्रिलच्या मध्यावर, तुमची नाइट असो वा नसो, संध्याकाळी आठला ती नेमकी आज तीनच्या चहाला जिथे आहे तिथे असेल. मुरबाडच्या बाजूला, पावणेदोन मुठी. हे डायरीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा आणि एप्रिलमध्ये तपासा. माझ्यावर विश्वास ठेवायची काही गरज नाही.

तुम्ही विचारलंत, ती आशा खरी की समजूत. माझं उत्तर या चार्टमध्येच आहे. बधिर झालेलं माणूस कशाची वाट बघत नाही. उद्याही असंच, परवाही असंच. तुमच्या कामात तर आज बरा दिसणारा पेशंट उद्या कसा असेल याची हमी कुणीच देत नाही, म्हणून वाट बघणं ही सवयच मन हळूहळू सोडून देतं, नाहीतर नोकरी करणं अशक्य होईल. ती सवय परत आणायची तर सुरुवात अशा गोष्टीपासून करावी जी दगा देत नाही. परवा ती जरा वर असेल असं म्हणायचं आणि परवा ती खरंच तिथे असणं. फार लहान गोष्ट आहे. सध्या लहानच हवी.

आश्चर्य मागाहून येतं, आणि ओळखीच्या ताऱ्याबद्दल येतं. म्हणून स्वातीची थोडी माहिती देऊन ठेवते. हा आपल्या सूर्यासारखाच, पण म्हातारा झालेला सूर्य आहे. फुगून सूर्याच्या साधारण पंचवीसपट रुंद झालेला, पृष्ठभाग थंडावल्यामुळे नारिंगी दिसणारा. काही अब्ज वर्षांनी आपला सूर्यही याच वाटेने जाणार आहे. आणि ताऱ्यांना आपण ‘स्थिर’ म्हणतो खरं, पण 1718 मध्ये एडमंड हॅलीने (धूमकेतूवाला तोच) जुन्या ग्रीक नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा स्वाती, व्याध आणि रोहिणी हे तीन तारे आपल्या जागेवरून हललेले निघाले. देवगिरीवर यादवांचं राज्य होतं तेव्हापासून आजवर स्वाती आकाशात जवळजवळ पूर्ण चंद्राच्या रुंदीइतकी सरकली आहे. हॅलीने पाहिल्या त्याही कुणीतरी रात्री जागून भरलेल्या नोंदीच होत्या.

स्वाती आपल्यापासून सुमारे 37 प्रकाशवर्षं दूर आहे. तुमचं वय तुम्ही 37 लिहिलंय, म्हणूनच मी एवढ्या ताऱ्यांतून हा निवडला. तीनच्या चहाला जो प्रकाश तुमच्या डोळ्यांत शिरेल तो तुम्ही जन्मलात त्या सुमाराला तिथून निघालाय. तुमची शाळा, नर्सिंगचं शिक्षण, पहिली नोकरी, लग्न, बाळंतपण, कोविडचे दिवस, हे सगळं होत असताना तो वाटेत होता.

ही कल्पना माझी नाही. 1933 मध्ये शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. अमेरिकेत महामंदीचा कहर होता, कामकरी माणसांतला जवळजवळ चौथा हिस्सा बेकार होता. त्याच शहरात आधीचं असं प्रदर्शन 1893 ला झालं होतं, त्यालाच जोडून भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले होते. स्वाती चाळीस प्रकाशवर्षं दूर आहे अशी तेव्हा समजूत होती. म्हणजे जुन्या प्रदर्शनाच्या वर्षी निघालेला प्रकाश आता पोहोचत असणार! म्हणून 27 मे 1933 च्या रात्री वेधशाळांनी आपल्या दुर्बिणी स्वातीवर रोखल्या, तिचा प्रकाश प्रकाशविद्युतघटावर (उजेड पडला की वीज देणाऱ्या घटावर) पाडला, आणि त्यातून मिळालेल्या इशाऱ्यावर प्रदर्शनाचे दिवे लागले. हिशेब तीनेक वर्षांनी चुकला होता हे पुढे कळलं. दिवे लागायचे ते लागले. अशा मंदीच्या दिवसांत कुणालातरी हे सुचावं, आणि बाकीच्यांनी त्याला वेड्यात न काढता तारा जोडून द्याव्यात, याचं मला ताऱ्याइतकंच नवल वाटतं.

तुमच्या मुलासाठीही एक तारा आहे. व्याध, आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा, साडेआठ प्रकाशवर्षांच्या जरासा पलीकडे. सध्या तो संध्याकाळी सातच्या सुमाराला आग्नेयेला उगवतो. नाइट ऑफच्या दिवशी नऊला पोराला गच्चीवर न्या. मृगाच्या पट्ट्यातले ओळीतले तीन तारे कुणालाही ओळखू येतात, खेड्यात त्यांना तिकांडं म्हणतात. त्या ओळीत सरळ खाली यायचं, तिथे लखलखतोय तो व्याध. क्षितिजाजवळ तो लाल-हिरवा-निळा लुकलुकतो, पोरांना ते फार आवडतं. ‘तू जन्मलास तेव्हा निघालेला उजेड आत्ता पोहोचतोय’ एवढं सांगा आणि गप्प बसा. पुढचे प्रश्न तोच विचारेल, आणि त्यातल्या निम्म्यांची उत्तरं तुम्हाला येणार नाहीत. येऊच नयेत. घरी आल्यावर त्याच्याशी बोलायला विषय लागतोच ना?

बेड नंबर चारकडे पुन्हा यायला हवं, कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे. आजोबांचं हिमोग्लोबिन घसरलं की तुम्ही रक्ताची पिशवी लावता. त्या एका पिशवीत साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असतं. ते पृथ्वीवर तयार झालेलं नाही. पृथ्वी जन्मायच्या कितीतरी आधी तारे फुटले, त्या स्फोटांत हे लोह घडलं, अवकाशात विखुरलं आणि पुढे ज्या ढगातून सूर्य आणि पृथ्वी झाले त्यात येऊन पडलं. मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात कशी शिजतात याची सविस्तर मांडणी 1957 मध्ये चौघा शास्त्रज्ञांनी केली. त्यांच्यातले एक फ्रेड हॉइल, कोल्हापुरात जन्मलेल्या आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. तेव्हा ‘या ताऱ्यांपुढे आजोबा काय’ या प्रश्नात एक गफलत आहे. तारे तिकडे आणि आजोबा इकडे, अशी ती वाटणीच खरी नाही. पुढच्या वेळी पिशवी लावताना हे आठवलं तर आठवू दे, नाही आठवलं तरी आधी क्रॉसमॅच नीट बघा.

लहान वाटणं वाईटच असतं असंही नाही. 2020 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी काही वयस्कर माणसांना आठ आठवडे, आठवड्यातून पंधरा मिनिटं फिरायला पाठवलं. त्यातल्या निम्म्यांना एवढंच जास्तीचं सांगितलं, की वाटेत नवल वाटेल असं काहीतरी शोधा. प्रत्येकाने फिरताना सेल्फी काढायचे होते. नवल शोधणाऱ्यांच्या सेल्फींत आठवड्यागणिक चेहरा लहान होत गेला, मागचं झाड नि आभाळ मोठं होत गेलं आणि हसू रुंदावलं. लहानसा अभ्यास आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण फरक लक्षात घ्या. ती माणसं फ्रेमच्या एका कोपऱ्यात गेली तरी होती फ्रेममध्येच. तुम्ही त्या रात्री स्वतःला आणि आजोबांना फ्रेममधूनच काढून टाकलंत.

व्यवहाराचं थोडं. चार्टची सवय लागली, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत, की मग पुन्हा गर्दीत जायला हरकत नाही. तेव्हा आकाशात दोन तरी ओळखीचे असतील. कल्याणमध्येच आकाशमित्र मंडळ आहे. मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम वांगणीला होत आलेत, म्हणजे तुम्हाला कर्जत लोकलने बदलापूरच्या पुढचंच स्टेशन. अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक पांढरा झोत ती घालवतो, म्हणून टॉर्चला लाल जिलेटिन लावून न्या. लांबची सुट्टी मिळाली तर पेंचचा विचार करा. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आजूबाजूच्या गावांतल्या दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवली गेली. वाघ दिसेल न दिसेल, आकाशगंगा दिसेल.

जूनपासून आकाश झाकलं जाईल, आणि माझी भीती अशी की तिथे तुमची डायरी बंद पडेल. गंमत म्हणजे ज्या मृगाच्या नावाने आपण पावसाची वाट बघतो, तो मृग तेव्हा दिसत नाही. सात-आठ जूनला सूर्यच त्याच्यात जाऊन बसतो. स्वातीची नोंद जिथे थांबेल तिथे रेघ ओढून पानाच्या मागच्या बाजूला जमिनीवरचं लिहा. पहिल्या सरीनंतर निघणारा मखमली लाल मृगाचा किडा कधी दिसला, रुग्णालयाच्या आवारातल्या झाडावर कावळ्याने घरटं कधी बांधलं. त्याआधी मेअखेरीस जमलं तर भंडारदऱ्याला किंवा पुरुषवाडीला काजवे बघायला जा, पण शनिवार-रविवार टाळून. त्या दोन रात्री काजव्यांपेक्षा मोबाइल जास्त चमकतात.

दुर्बीण घ्यायची घाई करू नका. स्वस्तातल्या खेळण्यातल्या दुर्बिणीने हिरमोडच होतो. उत्साह पावसानंतरही टिकला तर दोन डोळ्यांची साधी 10 बाय 50 ची द्विनेत्री घ्या आणि नोव्हेंबरमध्ये सगळ्यांत आधी कृत्तिका बघा. नुसत्या डोळ्यांना सहा-सात दिसतात, तिच्यातून डझनावारी. ती हातात सारखी हलते, म्हणून कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवा. आणि गळ्यातला पट्टा आधी मुलाच्या गळ्यात घाला, मग ती त्याच्या हातात द्या.